तीन नंबरची चिठ्ठी

१

पेलिंगसाहेबांना तीन नंबरच्या पिंपातून बाहेर काढलं तेव्हा मी साचेखात्यात, मागावर होते. भोंगा अवेळी वाजला, साचे एकेक करून थांबले, आणि रंगखात्यातला एक माणूस पळत वर आला. ‘मॅनेजर उकडला’ एवढंच बोलला आणि जिन्यातच बसून ओकला.

तीन नंबर म्हणजे कापड उकळायचं लोखंडी पिंप. शिडी लावून माणूस आत उतरेल इतकं खोल. पेलिंगसाहेब आत उतरले होते आणि खालून वाफ आली. बस्स. याहून जास्त मी सांगणार नाही. तुम्हीही विचारू नका.

वाफ सोडली ती आमच्या इनॉकनं. इनॉक बॅराक्लफ, माझा सख्खा भाऊ. तीस वर्षं त्या गिरणीत वाफेच्या नळांवर. त्याची बायको गेल्यापासून आम्ही दोघंच एका घरात राहतो. त्यानं आयुष्यात कधी मांजराला लाथ मारली नाही, पण तोंड मात्र असं की काय सांगू! आदल्याच पंधरवड्यात वाळवणीच्या खोलीत चिलीम ओढली म्हणून पेलिंगसाहेबांनी त्याला दोन दिवस घरी बसवलं होतं. तेव्हा हा शहाणा बारा माणसांसमोर म्हणाला, “एक दिवस तुम्हालाच उकळायला घालतो बघा, साहेब!” सगळे हसले. पेलिंगसाहेबसुद्धा हसले होते. पण कोर्टात त्या बारांपैकी नऊ जणांनी शपथेवर तेच वाक्य सांगितलं, आणि तिथं कोणी हसलं नाही.

त्यात ती चिठ्ठी. पेलिंगसाहेब खाली जाण्याआधी इनॉकला लेखी हुकूम गेला होता. पेपरात छापून आलं : ‘वाफ सोडू नये असा स्पष्ट लेखी हुकूम असताना आरोपीने ती सोडली.’ चिठ्ठी मी पाहिली नव्हती. खटल्याच्या दिवशी मी साच्यावर होते. सुट्टी मागितली तर म्हणाले, परत येऊ नकोस मग.

वाफ का सोडलीस असं इनॉकला विचारलं तर त्याचं एकच टुमणं, पोलिसांसमोर तेच, वकिलासमोर तेच, जजसमोर तेच : “चिठ्ठीत होतं तसंच मी केलं.”

जजला वाटलं हा थट्टा करतोय. लीड्सच्या कोर्टात फाशी सुनावली. वरचं अपीलही फेटाळलं गेलं. पुढच्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता.

त्या बुधवारी दुपारी मी घरी होते. कामावर आता मला कोणी बोलावत नव्हतं. दार वाजलं. दारात एक बारीकशी बाई, राखाडी कोट, बोटांना शाई, आणि बोलणं असं लंडनी, की प्रत्येक शब्द इस्त्री करून ठेवलेला.

“मी म्यूरिअल ॲशकोम. तुमच्या भावाच्या खटल्यात मी शॉर्टहँड लिहीत होते. तुमचा भाऊ खोटं बोलत नाहीये, असं मला वाटतं. पण का वाटतं ते मला कळत नाही.”

२

तिला आत घेतलं. खुर्ची दिली. मनात म्हटलं, आली आणखी एक तमाशा बघायला. पण तिनं कोट न काढताच वही उघडली.

“हेस्टरबाई, सतरा वर्षं मी कोर्टात बसते. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं बोलतो. तुमचा भाऊ पाच वेळा तेच बोलला, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मी पाचही वेळा लिहिलंय.”

“मग जजला का नाही सांगितलंत?”

“लिहिणाऱ्या बाईनं बोलायचं नसतं.” मग खालच्या आवाजात म्हणाली, “अपील फेटाळल्यापासून झोप नाही मला. आता रजा टाकून आलेय.”

तिनं वहीतून चिठ्ठी वाचून दाखवली. ती तशीच सांगते, तिच्यातला तो एक इंग्रजी शब्द तसाच ठेवून, कारण त्याच्यावर तर सगळं अडलंय :

‘पेलिंगसाहेब तीन नंबरपाशी आहेत व्हाइल वाफ सोडू नये. सी. ऑल्ड्रॉइड.’

क्लेमंट ऑल्ड्रॉइड म्हणजे आमचा दुय्यम मॅनेजर. इथलाच, आमच्याच गल्लीत वाढलेला. चर्चमध्ये गाणी बसवतो. खटल्यानंतर माझ्या खांद्यावर हात ठेवून रडला होता. कोर्टात त्यानं सांगितलं होतं की पेलिंगसाहेबांनी सांगितलं, मी शब्द न् शब्द लिहून घेतलं.

मी म्हटलं, “बरोबर आहे की मग. इनॉकनं तसंच केलं.”

मिस ॲशकोम माझ्याकडे बघतच राहिली. “तसंच? हेस्टरबाई, त्यानं अगदी उलट केलं.”

“उलट कसं? चिठ्ठी काय म्हणते तुम्हीच वाचलीत ना आत्ता? साहेब खाली जाताना त्यानं जिन्यात पाहिले. वर दहा मिनिटं थांबला. साहेब तीन नंबरपाशी पोचले असतील अशा हिशेबानं नळ उघडला. त्याला काय स्वप्न पडलं होतं, की ते पिंपाच्या आत उतरलेत? त्याला वाटलं बाहेर उभे राहून गळती बघणार आहेत!”

“पण चिठ्ठीत स्पष्ट लिहिलंय, की—”

“स्पष्टच लिहिलंय!”

दोघीही ओरडत होतो. तिचा चेहरा पडला. भावाच्या मायेनं बाईचं डोकं फिरलंय, असं तिच्या डोळ्यांत मला अगदी स्वच्छ दिसलं. तिनं वही मिटली, हातमोजे घातले. “माफ करा. मला वाटलं होतं काहीतरी सापडेल.”

मंगळवारपर्यंत सहा दिवस, आणि आख्ख्या इंग्लंडातून आलेलं हे एकच माणूस निघून चाललं होतं. पण पाया पडणं मला जमत नाही. मी म्हटलं, “चहा तरी घ्या. किटली चुलीवरच आहे. मी शेजारून दूध घेऊन येते. आणि हो, चहावर पाणी ओतू नका हं, व्हाइल ते उकळतंय.”

दूध घेऊन आले, तर बाई किटली चुलीवरून खाली उतरवून शेजारी शांत बसलेल्या. झाकणावरची वाफ पार गेलेली. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिनं ते कोमट पाणी चहाच्या पानांवर ओतलं!

“अगं बाई! काय केलंत हे? एवढा चहा वाया! उकळायच्या आत ओतू नका म्हटलं ना मी?”

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणालात, उकळत असताना ओतू नका.”

“मी? उकळत असताना? अहो, मग कधी ओतणार, गारठल्यावर?”

तिचा हात किटलीवर तसाच राहिला. माझं वाक्य तिनं ओठांतल्या ओठांत परत म्हटलं. मग तिनं वही परत उघडली. इतक्या घाईनं, की पान फाटलं.

“हेस्टरबाई, तुमच्याकडे व्हाइल म्हणजे काय?”

३

काय म्हणजे काय? व्हाइल म्हणजे ‘तोपर्यंत’. दुकान बंद व्हाइल सोमवार, म्हणजे सोमवारपर्यंत बंद. बस इथं व्हाइल मी येते, म्हणजे मी येईपर्यंत बस. आई दूध पाजताना शिकवते तो शब्द, त्याचा अर्थ कोणी विचारतं का?

“आमच्याकडे,” मिस ॲशकोम म्हणाली, “व्हाइल म्हणजे ‘असताना’. असेतोवर. साहेब तीन नंबरपाशी असेतोवर वाफ सोडू नये.”

मी खुर्चीत बसले. साहेब तिथं असेतोवर सोडू नये. साहेब तिथं पोचेपर्यंत सोडू नये. तीच चिठ्ठी, तीच अक्षरं, आणि एका वाचनात माणूस जगतो, दुसऱ्यात मरतो.

“पण ज्यूरी तर आपल्याकडचेच होते!” मी म्हटलं. “दुकानदार, शेतकरी.”

“कॉलर घालून, साहेबी थाटात बसले होते. सरकारी वकिलानं लंडनच्या आवाजात वाचली, आणि वाचण्याआधीच सांगितलं, की हा मनाईहुकूम आहे. मग तसंच ऐकू आलं त्यांना. तुमचा शब्द ते घरी ठेवून आले होते.”

मी शाल ओढली. “चला. आत्ताच्या आत्ता तार करू. गृहमंत्र्यांना करू. राजाला करू!”

“थांबा.” तिनं माझा हात धरला. इतक्या बारीक बाईच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. “ते म्हणतील, फाशीच्या सहा दिवस आधी बहिणीला शब्दाचा नवा अर्थ सुचला. खटल्यात हे एकदाही आलं नाही. उलट, हे बघा.” तिनं आणखी एक पान काढलं. “जजनं ऑल्ड्रॉइडला विचारलं : ‘या चिठ्ठीबद्दल गैरसमज व्हायला काही जागा होती?’ ऑल्ड्रॉइड : ‘नाही, मायलॉर्ड. हिचा दुसरा अर्थ होऊच शकत नाही.’”

“असं म्हणाला तो?”

“शब्द न् शब्द.”

क्लेमंट ऑल्ड्रॉइड माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्याची आई आणि माझी आई एकाच दोरीवर कपडे वाळत घालायच्या. गिरणीतल्या सगळ्या पाट्या तोच रंगवतो. फाटकावर त्याच्या हातची पाटी आहे : ‘फाटक बंद व्हाइल सहा.’ साचेखात्यात आहे : ‘भोंगा वाजतो व्हाइल जागा सोडू नये.’ त्या पाटीपुढं बावीस वर्षं मी भोंगा वाजेपर्यंत उभी राहिलेय, आणि वाजला की पळालेय. मी, इनॉक, आणि गिरणीतल्या सहाशे जणांनी ती पाटी एकाच तऱ्हेनं वाचली.

“तो इथलाच आहे,” मी म्हटलं. “तो कसा म्हणेल दुसरा अर्थ नाही म्हणून?”

“तो म्हणेल, शब्द माझे नव्हतेच, पेलिंगसाहेबांचे होते. ते केंटचे. त्यांनी त्यांच्या अर्थानं सांगितलं, मी लिहिलं, दुसरा अर्थ मला सुचला नाही. आणि हे खरंही असू शकतं, हेस्टरबाई. मेलेल्या माणसाला कसं विचारणार?”

मेलेल्या माणसाला नाही विचारता येत. पण तो ज्या घरात भाड्यानं राहत होता त्या घरातली बाई अजून जिवंत होती, आणि तिचं तोंड बंद करणं या गावात कुणालाच जमलेलं नाही.

४

टॅबिथा क्रॉशॉनं आम्हाला दारातच अडवलं. “बॅराक्लफांच्या घरचं कोणी माझ्या उंबऱ्यात नको. तो पेलिंग पोरगा माझ्या हातचं जेवत होता.”

“टॅबिथा,” मी म्हटलं, “मंगळवारी आमच्या इनॉकला लटकवणार आहेत. एक प्रश्न विचारते. उत्तर दे, आणि मग थुंक माझ्या तोंडावर.”

तिनं दार उघडलं. टेबलावर आलं घातलेला केक कापून ठेवलेला होता, पण आम्हाला विचारलं नाही.

मिस ॲशकोमनं विचारलं, “पेलिंगसाहेबांना तुमच्याकडची बोली समजायची का?”

आणि टॅबिथा, देवाशपथ सांगते, आधी हसली आणि मग पदरानं डोळे पुसावेत तसे ॲप्रननं पुसले.

“समजायची? अहो, पहिल्याच आठवड्यातली गंमत ऐका. नोव्हेंबर होता. कामाला निघताना मला म्हणाले, ‘मिसेस क्रॉशॉ, मी बाहेर आहे व्हाइल माझ्या खोलीत शेकोटी पेटवू नका.’ मी म्हटलं, बरं बाबा. मोठ्या माणसांची तऱ्हा. ते बाहेर पडेपर्यंत काडी ओढली नाही, आणि ते बाहेर पडले रे पडले की अशी पेटवली, अशी पेटवली! दिवसभर रिकाम्या खुर्चीपुढं जाळ. संध्याकाळी यायचे तोवर राख. बिचारा आठ दिवस कुडकुडला. भीडस्त, बोलेना. शेवटी एकदा जेवताना दात वाजत होते तेव्हा विचारलं, की माझं काही चुकलं का?”

“मग त्यांना कोणी समजावलं?”

“क्लेमंटनं. जेवायला आला होता त्या दिवशी. याच टेबलाशी. हसून हसून त्याला ठसका लागला. म्हणाला, ‘साहेब, तुमच्याकडे त्याचा अर्थ “असताना” असा, आमच्याकडे “होईपर्यंत” असा. गिरणीत हा शब्द वापराल तर एखाद्याचा जीव घ्याल.’”

टॅबिथाचं बोलणं तिलाच ऐकू आलं असावं. तिनं तोंडावर हात ठेवला.

मिस ॲशकोम लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, “मग त्यानंतर पेलिंगसाहेब तो शब्द वापरायचे?”

“कधीच नाही. कानाला खडाच लावला. एक कार्ड लिहून आरशाला खोचलं होतं, दाढी करताना रोज दिसावं म्हणून. आहे अजून. मला काढवलं नाही.”

आम्ही वर गेलो. आरशाच्या चौकटीत कार्ड होतं, साबणाचे शिंतोडे उडालेलं. पेलिंगसाहेबांचं नीटस अक्षर : ‘इथे असेपर्यंत व्हाइल हा शब्द तोंडातून काढायचा नाही. – श्री. ऑल्ड्रॉइड यांची ताकीद, १९ नोव्हेंबर.’

मला त्या क्षणी रडू कोसळलं. इनॉकसाठी नव्हे. त्या पोरासाठी, जो रोज सकाळी गालाला साबण लावून ते वाचत होता.

“आणखी एक,” मिस ॲशकोम म्हणाली. “त्या दिवशी सकाळी ते काय बोलले?”

“चहा अर्धाच घेतला. म्हणाले, ‘आज तीन नंबरच्या आत स्वतः उतरून बघतो. ऑल्ड्रॉइड लिहून देतोय, की तडकलेला पत्रा बदललाय. माझा विश्वास नाही बसत. खोटं असेल तर तो उद्या या गिरणीत दिसणार नाही.’ पोलिसांना सांगायला गेले तर म्हणाले, बाई, न्याहारीचं नको, फक्त मुद्द्याचं बोला.”

५

शुक्रवारी दुपारी क्लेमंट चर्चच्या मागच्या खोलीत बायकांचं गाणं बसवत होता. आम्ही सार्जंट डायसनला घेऊन गेलो. डायसन यायला तयार नव्हता. “केस बंद झालीय, हेस्टर.” मी म्हटलं, तू नुसता उभा राहा, काठीसारखा, तोंड उघडू नकोस. गाणाऱ्या बायकांना घरी पाठवलं. एकही गेली नाही. सगळ्या दाराशी दाटीवाटीनं उभ्या राहिल्या.

क्लेमंटनं माझे हात हातात घेतले. “हेस्टर, किती वाळलीस गं. काही खातेस की नाही?”

मी हात सोडवून घेतले.

मिस ॲशकोम कोपऱ्यात वही घेऊन बसली. “मिस्टर ऑल्ड्रॉइड, एक शब्द फक्त. चिठ्ठीतलं व्हाइल, त्याचा अर्थ काय?”

“कोर्टात सांगितलाय. ते तिथं असताना वाफ सोडायची नाही. सरळ आहे.”

“दुसरा अर्थ नाही?”

“नाही.”

“मग फाटकावरची तुमची पाटी. ‘फाटक बंद व्हाइल सहा.’ याचा अर्थ?”

दारातून कोणीतरी म्हणालं, “सहापर्यंत बंद. शेंबडं पोरही सांगेल.”

“ती... ती आपल्या लोकांसाठी लिहिलेली पाटी आहे,” क्लेमंट म्हणाला. “त्यांना समजेल अशा भाषेत.”

“आणि चिठ्ठी कोणासाठी होती?” मिस ॲशकोमनं विचारलं. “इनॉक बॅराक्लफसाठी, की कोर्टासाठी?”

मी तुम्हाला सांगते, मी क्लेमंटला पन्नास वर्षं ओळखते. त्याला झाडावरून पडताना पाहिलंय, बापाला मूठमाती देताना पाहिलंय. पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. त्याला कळलं, की या परक्या बाईनं त्याचं मन पानासारखं वाचलंय.

तरी त्यानं शेवटचा धागा धरला. “शब्द माझे नव्हते. पेलिंगसाहेबांनी सांगितले. त्यांच्याच तोंडचे. त्यांना काय ठाऊक आपली बोली!”

मिस ॲशकोमनं कार्ड टेबलावर ठेवलं. मागोमाग टॅबिथा बायकांमधून धक्के मारत पुढं आली. “माझ्याच टेबलाशी शिकवलंस ना रे त्याला? माझ्याच हातचं बटाट्याचं कालवण खाता खाता? तूच म्हणालास, जीव घ्याल म्हणून!”

मिस ॲशकोमचा आवाज अजिबात चढला नाही. “ज्या माणसानं तो शब्द न उच्चारायचं ठरवलं होतं, तोच माणूस स्वतः पिंपात उतरताना, आयुष्य पणाला लागलेलं असताना, नेमका तोच शब्द वापरेल? आणि ज्यानं त्याला दोन्ही अर्थ शिकवले, तो जजपुढं शपथ घेऊन म्हणेल, दुसरा अर्थ नाही? मिस्टर ऑल्ड्रॉइड, पेलिंगसाहेब खरं काय म्हणाले होते?”

क्लेमंट पेटीच्या स्टुलावर बसला.

“म्हणाले, ‘मी वर येऊन स्वतः सांगितल्याशिवाय वाफ सोडू नको, असं इनॉकला कळव.’” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “पत्रा बदललाच नव्हता, हेस्टर. लांबणीवर टाकत गेलो. मी कागदावर पेन्सिल टेकवली आणि... एकही खोटं अक्षर लिहिलं नाही गं मी. दोन्हीकडून खरं होतं. इनॉकनं पेलिंगसाहेबांसारखं वाचलं असतं तर काहीच झालं नसतं. मी देवावर सोडलं.”

“देवावर नाही सोडलंस,” मी म्हटलं. “आमच्या इनॉकवर सोडलंस. तो कसं वाचणार ते तुला पक्कं ठाऊक होतं. आणि वर त्याला फासावर जाताना बघत माझ्या खांद्यावर रडलास, मेल्या!”

डायसननं मला धरलं नसतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे. मग त्यानं क्लेमंटच्या दंडाला हात घातला. मिस ॲशकोमनं शेवटच्या ओळीखाली वेळ टाकली : चार वाजून दहा मिनिटं.

६

शनिवारी कागद लंडनला गेले. मिस ॲशकोम स्वतः घेऊन गेली. रविवारी काही नाही. सोमवारी दुपारी बारापर्यंत काही नाही. तुरुंगात मला शेवटच्या भेटीला बोलावलं होतं, तीन वाजता. त्याचा धुतलेला शर्ट घेऊन निघाले, कारण काहीतरी हातात हवं होतं. वाटेत सारखं वाटत होतं, आपण याला शब्दाचा अर्थ सांगायचा की नाही? आज सुटका नसेल, तर उद्या सकाळी नऊला जाताना हे कशाला डोक्यावर?

फाटकाशी पोचले तेव्हा तुरुंगाधिकारी स्वतः बाहेर येऊन उभा होता. त्यानं टोपी काढली. टोपी काढलेली पाहून मी तिथंच भिंतीला टेकले. वाटलं, झालं, लवकर उरकलं यांनी.

“बाई,” तो म्हणाला, “फाशी रद्द झालीय. तार आलीय.”

शर्ट खाली चिखलात पडला. मी उचललाही नाही.

पुढचं कागदांचं काम पाच आठवडे चाललं. सुटायच्या दिवशी मिस ॲशकोमही आली होती, पण लांब उभी राहिली, रस्त्याच्या पलीकडे. इनॉक बाहेर आला. कोट अंगात लोंबत होता. डोक्यावरचे केस पिकलेले. मला वाटलं होतं तो काहीतरी वाह्यात बोलेल, नेहमीसारखं, आणि मी त्याला झापेन, आणि सगळं ठीक होईल.

“वकिलानं सगळं सांगितलं,” तो म्हणाला. “तो शब्द, आणि क्लेमंट, आणि सगळं. म्हणे, तुझा काही दोष नाही.”

“नाहीच आहे! काडीचाही नाही.”

तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला.

“हेस्टर, खरं सांग. नळ मीच उघडला ना?”

माझं तोंड केवढं चालतं, सगळ्या गावाला माहीत आहे. इतके दिवस मी जजशी, पोलिसांशी, देवाशी भांडले होते. आता खोटं बोलले असते तर तो माझ्याशी परत बोलला नसता.

“हो रे,” मी म्हटलं. “तूच उघडलास.”

त्यानं मान हलवली. मग रस्ता ओलांडून सरळ मिस ॲशकोमकडे गेला, टोपी काढली, आणि विचारलं, “बाई, तुम्ही तिकडच्या. पेलिंगसाहेबांची आई केंटमध्ये कुठं राहते, ते लिहून द्याल?”

तिनं खटल्याच्या वहीतून पत्ता काढून लिहून दिला. आम्ही घरी गेलो नाही. तिघंही तसेच स्टेशनवर गेलो.